वरची मावशी

कोपरी सोडली त्या दिवशी टेम्पोत सगळ्यात शेवटी चढली ती आई. कपाट, पिंप, तुळशीची कुंडी, बाबा, बायको आणि मी असे सगळे आधीच रचून झालेलो. ती खाली उभी राहून अख्ख्या चाळीला बजावत होती, "मी नाही म्हणून रात्री टीव्ही बोंबलत ठेवाल, तर याद राखा. परत येईन!" तुम्ही सगळे कठड्याला टेकून हसत होतात. मी मात्र कुंडीआड तोंड लपवून बसलेलो.

चाळीत तिला ओरडावं लागायचंच नाही. मधल्या भिंतीवर लाटणं एकदा आपटलं की शेजारचा आवाज निम्मा. दिव्याच्या नव्या फ्लॅटला तशी भिंत नव्हती. गॅलरीसमोर मोकळं मैदान होतं. एजंटने 'ओपन व्ह्यू' म्हणून त्याचं कोण कौतुक केलेलं! मैदान समोरच्या जुन्या गावकऱ्यांचं. लग्नसराई आली आणि व्ह्यू कशासाठी ओपन आहे ते कळलं. तिथे हळदी व्हायच्या. हळद म्हणजे डीजे, आणि डीजे लागला की आमच्या मांडणीतली ताटंसुद्धा नाचायची.

पहिल्या हळदीला मी सोसायटीच्या ग्रुपवर इंग्रजीत सभ्य मेसेज टाकला. भरपूर अंगठे आले. डीजे चालूच. शेवटी आई पदर खोचून गॅलरीत गेली. "अरे पोरांनो, बास करा आता! नवऱ्याला उद्या बोहल्यावर उभं राहायचंय, की तिथेच झोपवताय?" खाली एकदम हशा पिकला आणि आवाज उतरला. मी लाजून बाथरूममध्ये. बाबा पलंगावरून म्हणाले, "झालं का तिचं? चला, झोपू या." आणि घोरायलाही लागले.

मग दर हंगामात हेच. खाली तिचं नाव पडलं 'वरची मावशी'. टँकर आला नाही की ती त्यांच्याच विहिरीवर कळशी घेऊन जायची, आणि पाणी भरता भरता त्यांनाच आवाजावरून झापायची. ती तिथली झाली. मी मात्र कोणी विचारलं की सांगायचो, "आम्ही मूळचे कोपरीचे."

आई गेली ते तुम्हाला फोनवर कळलंच, परत सांगत नाही. मला काही वाटत नव्हतं. शेजारी थर्मासमधून चहा आणायचे, मी तोच त्यांना ओतून द्यायचो आणि साखर पुरे का विचारायचो. दुसऱ्या कोणाच्या घरी मदतीला आल्यासारखा. बाबा झोपत नव्हते. रात्रभर पलंगावर बसून गॅलरीच्या दाराकडे बघायचे. डॉक्टर म्हणाले, बीपी खाली येत नाहीये, आजची रात्र झोपले नाहीत तर उद्या अ‍ॅडमिट करू.

नेमकी त्याच रात्री समोर हळद.

गोळी घेऊनही बाबा टक्क जागे. बायको म्हणाली, "अहो, नुसत्या येरझारा काय घालताय? जा, सांगा त्यांना." जिना उतरताना मी वाक्य घोकत होतो, 'पूर्ण बंद नको, जरा कमी केलात तर बरं होईल.' सुतक होतं, म्हणून मांडवात शिरलो नाही, बाहेर दोरीपाशी उभा राहिलो. "या ना काका, फुल एन्जॉय!" म्हणत एकाने माझा हात धरून ओढला. मी हात सोडवून घेतला. वाक्य राहूनच गेलं.

नवऱ्याची आजी खुर्चीत बसलेली, कोपरापर्यंत पिवळी. मला ओळखून म्हणाली, "आज तुजी आयस वरडली नाय रं?"

मी मान खाली घातली. मग तिची नजर माझ्या ताज्या तुळतुळीत डोक्यावर गेली. ती उठली, तशीच पिवळी डीजेपाशी गेली. "बंद करा रं पोरांनो. वरची मावशी गेली."

गाणं मध्येच तुटलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सॉरी हां." कशाबद्दल, देव जाणे.

वर आलो तर बाबा आडवे झालेले, डोळे मिटलेले.

"ओरडली का ती?"

मी त्यांच्या अंगावर चादर ओढली. "हो," म्हणालो.

"झालं का तिचं? चला, झोपू या."

आणि झोपले. खाली पोरं खुर्च्या उचलत होती. घासत नेऊन आवाज होऊ नये म्हणून एकेक खुर्ची उचलून.

तुम्ही फोनवर विचारता, दिव्यात करमतं का? चाळ पाडायच्या आधी एकदा येऊन जा म्हणता. येईन. पण परवा मैदानात पुन्हा मांडव उभा राहिला. ताटं वाजायला लागली, बाबा कूस बदलत राहिले. मी गॅलरीत गेलो. घसा दोनदा खाकरला. सोसायटीत मला 'शांत माणूस' म्हणतात, त्याचीही आठवण झाली. मग ओरडलो, "अरे पोरांनो, बास करा आता!"

अंधारात खालून कुठलंसं पोरगं सवयीने ओरडलं, "हो मावशी!"

आवाज उतरला. मी कठडा धरून तिथेच उभा राहिलो, बाबा घोरायला लागेपर्यंत.