एकोणनव्वदच्या अलीकडचं स्टेशन

माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, शिंपी. विजेशी त्यांचा संबंध इस्त्रीपुरता. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच ते कमरेचा आकडा सांगायचे, आणि गिऱ्हाईक नाही म्हणालं की टेप लावून त्याला खोटं पाडायचे. असा माणूस साठीच्या तोंडावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मला तो बिनतारी माइक बनवायला शिकव. रेडिओवर ऐकू येतो तो." मला आधी हसूच आलं.

कारण कळल्यावर हसू जागच्या जागी जिरलं. ताईला अर्धांगवायूचा झटका येऊन चार महिने झाले होते. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीतही पोचायचा नाही. घर दुकानाच्या समोरच, रस्ता ओलांडून दुसऱ्या मजल्यावर. दाजी दर अर्ध्या तासाने कात्री टाकून जिने चढायचे. तरीही एकदा ती पलंग आणि भिंतीच्या मधे पडली, आणि हे खाली रेडिओ लावून कॉलर उलटवत बसले होते. ती हाका मारत होती, हे यांना वर गेल्यावर कळलं. ते त्यांच्या डोक्यातून गेलंच नाही. घंटीची तार रस्त्यावरून ओढायला नगरपालिकेने नकार दिला होता, आणि मोबाईल तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरी पोचले नव्हते.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस. मुलांना करायला देतात तो एफएम ट्रान्समीटर मी त्यांच्यापुढे मांडला: एक ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेची कॉइल, मूठभर किरकोळ भाग, बटणाएवढा माइक आणि नऊ व्होल्टची बॅटरी. "पोरं दोन तासांत जोडतात," मी म्हणालो. दाजींना अकरा दिवस लागले. पहिला ट्रान्झिस्टर त्यांनी उलटा लावून जाळला. दुसऱ्यावर सोल्डरिंगचं टोक इतका वेळ दाबून धरलं, जणू विजारीची घडीच बसवायची होती. कॉइल मात्र पेन्सिलीवर अशी गुंडाळली, की आमच्या सरांना नेऊन दाखवावी.

भांडण झालं ते तारांवरून. शिंपी शिवणीच्या आत जादा कापड सोडतो, तशी त्यांनी प्रत्येक भागाची तार लांबच ठेवली.

"दाजी, आखूड कापा. तारा अशा लोंबत राहिल्या तर स्टेशन एका जागी टिकणार नाही."

"आणि उद्या वाढवायचं झालं तर? कापलेलं परत येत नाही रे."

"हा काय पोराचा शर्ट आहे का, वाढवायला?"

पण तीस वर्षांची सवय. मी कंटाळलो आणि राहू दिलं. माझ्या आळशीपणाचा मला अजून राग येतो.

अकराव्या दिवशी ट्रान्समीटर ताईच्या पलंगाजवळच्या टेबलावर ठेवला, दुकानातल्या रेडिओचा काटा एकोणनव्वदच्या जरा अलीकडे नेला आणि खरखर थांबली. आधी वरच्या पंख्याची घरघर आली, मग ताईचं खाकरणं. दाजींनी गिऱ्हाइकाच्या छातीभोवतीची टेप तशीच सोडली आणि म्हणाले, "ही आमची!" ते बिचारं श्वास रोखून उभंच राहिलं.

दोन दिवसांतच माझं म्हणणं खरं झालं. बोलायला म्हणून ताईने तो ट्रान्समीटर डाव्या हातात उचलला की स्टेशन काट्याखालून सरकायचं आणि दुकानात नुसती खरखर. कॉइलजवळ हात आला की असं होतंच, त्यात त्या लांब तारा. टेबलावर ठेवावं तर तिचा आवाज माइकपर्यंत जायचा नाही. शेवटी दाजींनी तिला बजावलं, "याला हात लावायचा नाही. हातात घेतलंस की मला काही ऐकू येत नाही. काही लागलं तर चमच्याने ताट वाजव." ते जमलं. चमचा वाजला की दाजी वर. मला वाटलं, सुटला प्रश्न.

महिन्याभराने मी पत्र्याची डबी घेऊन गेलो. ट्रान्समीटर तिच्यात बसवला की हात लावला तरी स्टेशन बरंच जागेवर राहिलं असतं. दुपारचे तीन वाजले असतील. दुकानात दाजी एकटेच, रेडिओच्या बटणावर बोटं ठेवून उभे. एवढ्यात पंख्याची घरघर गेली आणि नुसती खरखर सुरू झाली. त्यांनी काटा केसभर खाली आणला. ताई बोलत होती.

"...आज अंघोळ घालताना तुमचे हात थरथरत होते. मी मुद्दाम डोळे मिटून घेतले." आवाज निसटला. दाजींनी परत पकडला. "वर आलात की मी बरी आहे म्हणते. बरी नाहीये मी. नको झालंय मला हे सगळं. सकाळी जाग आली की वाटतं, अजून आहेच का मी. तोंडावर सांगितलं तर जेवायचे नाहीत तुम्ही..."

मी म्हणालो, "दाजी, वर चला ना."

"वर गेलो की ते खाली ठेवते आणि हसते."

"रोज बोलते अशी?"

"रोज, याच वेळेला. हातात घेतलं की मला ऐकू येत नाही, हे मीच तिला सांगितलंय. म्हणून तर घेते."

आवाज पुन्हा निसटला. ते बटण फिरवत राहिले, या बाजूला, त्या बाजूला. मी हातातली डबी पिशवीत घातली. काहीतरी केलंच पाहिजे असं वाटत होतं, आणि मला येतं ते एकच.

"दुसरा बनवू या," मी म्हणालो. "रेडिओ तिच्या उशाशी ठेवू. तुम्ही इथून बोला, ती तिथे ऐकेल. या वेळी मी स्वतः जोडतो. दोन तासांचं काम आहे."

त्यांनी मान वर केली नाही.

"तू बनवशील रे," ते म्हणाले. "पण मी बोलू काय?"