शेठच्या बंगल्यातला कोबा

चौलच्या दत्ताच्या पायऱ्या चढून-उतरून सगुणाच्या पायांचे तुकडे पडले होते, आणि कोंडाजीचं तोंड काही थांबत नव्हतं. तळा गावचा हा गवंडी, जन्म लोकांची घरं बांधण्यात गेलेला. बायकोला जत्रेला आणलं, तर देव राहिला बाजूला, रेवदंड्याच्या दगडांचंच कौतुक! फिरंग्यांच्या पडक्या चर्चपाशी थांबून म्हणाला, "कमान बघ कशी हाय! छप्पर गेलं, पन ही हलली न्हाय."

कमान देखणी होती खरी. सगुणानं मान वर करून बघितली, मग म्हणाली, "आता त्यो बंगला दाखवा."

कोंडाजीचा कमानीकडं दाखवणारा हात खाली आला. कुठला, ते विचारायची गरजच नव्हती. मानमोडीच्या साथीच्या साली इथल्याच एका शेठच्या बंगल्यात तो चुन्याचा कोबा घालत होता. ओली जमीन एकसारखी ठोकत राहावी लागते. मध्ये हात थांबला की तडा गेलाच म्हणून समजा. नेमका तेव्हाच घरून सांगावा गेला, पोरगा भिकू तापानं फणफणलाय, निघून या. हा बाबा कोबा पुरा करून आला. तोवर पोराला मूठमाती देऊन झाली होती.

तेव्हापासून त्या जमिनीवर सगुणाचा दात होता. एकदा तिच्यावर पाय रोवून उभं राहायचं आणि मनातलं सगळं तिथं ओकून टाकायचं, एवढ्यासाठी ती आली होती. जत्रा नुसती निमित्ताला.

बंगला कसा झळकत होता! सिमेंटचे नवे खांब, खिडक्यांना रंगीत काचा. माळी भला, त्यानं ओटीपर्यंत येऊ दिलं. आत बघते तर काय, निळ्या-तांबड्या फरशा!

"आन् जुना कोबा?" तिनं विचारलं.

"त्यो व्हय? नव्या सूनबाईंना आवडंना. मागल्या साली खणून काढला. पहारी वाकल्या, पन फुटंना मेला!" त्यानं माडाखालचा ढीग दाखवला.

सगुणा त्या ढिगावरच बसली. इतकी वर्षं राग सांभाळला, आणि आता भांडायचं तरी कुणाशी? कोंडाजीनं एक तुकडा उचलला, अंगठ्यानं माती पुसली. सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "बघ, कुठं तडा न्हाय."

बोलला मात्र, आणि तुकडा छातीशी धरून तो हमसून रडू लागला. भिकू गेला तेव्हाही असा रडला नव्हता.

सगुणानं थोडं सरकून त्याला जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "आता ठोकायचं काय बी राह्यलं न्हाय."