काकूंनी गाडी सोडली नाही

नवरा गेल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, गाडी विकून टाका. बाईमाणसाला काय तिचा उपयोग?"

पडदे शिवणाऱ्या काकू दिरांना उलट बोलत नसत. दुसऱ्या दिवशी सरळ गाडी शिकवणाऱ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. एकदा फाटकाला धडकल्या, गल्लीनं पोटभर हसून घेतलं, पण हात बसला.

फिकट हिरवी, बोजड, मनात येईल तेव्हाच चालू होणारी गाडी. मागचं एक दार फक्त बाहेरून उघडायचं, म्हणून धाकट्या मुलाला कायम तिकडे कोंबलेलं. पडद्यांचे दांडे खिडकीबाहेर, कापडाचे तागे दोन्ही मुलांच्या मांडीवर. चढ आला की तिघंही श्वास रोखून पुढे झुकायची, जणू त्या झुकण्यानंच गाडी वर जाणार होती. थोरल्याचे पाढे तिथेच पाठ झाले. धाकट्याचा पहिला दात सीटच्या फटीत गेला तो गेलाच.

मुलं मोठी झाली, दारात त्यांच्या चकचकीत गाड्या आल्या. एका सकाळी काकू बाहेर येऊन बघतात तो भंगारवाल्याचा टेम्पो, आणि थोरला हातानं खुणा करत तो मागे घ्यायला लावतोय.

"कुणाला विचारून बोलावलंस?"

"आई, अगं जागा अडलीय. आणि या वयात तू चालवणार?"

"परवाच चालवली. तू झोपला होतास."

एवढं बोलून काकू गाडीत शिरल्या, दारं आतून लावून घेतली, पिशवीतून अर्धवट पडदा काढला आणि काठ दुमडायला लागल्या.

धाकटा काचेशी आला. "आई, लोक बघतायत. तमाशा नको."

"तमाशा तुम्ही मांडलात. मी नुसती बसलेय."

मुलांनी विनवण्या केल्या, चिडून पाहिलं. काकूंची सुई थांबली नाही. शेवटी भंगारवालाच कंटाळला. "साहेब, तुमच्या घरात आधी ठरवा, मग बोलवा," म्हणत टेम्पो घेऊन गेला.

काकूंनी दातांनी दोरा तोडला. चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली.

"तुझी गाडी आडवी लावलीयस, ती काढ," त्या थोरल्याला म्हणाल्या. "गिऱ्हाईक वाट बघतंय माझं."

थोरला किल्ली शोधत खिसे चाचपू लागला. काकूंनी हॉर्न दाबून धरला.

त्यानंतर गाडी विकायची गोष्ट घरात निघाली नाही. निघाली असलीच, तर काकूंच्या माघारी, आणि तीही हळू आवाजात.