मामांच्या कमरेची पेटी

माझ्या मामेसासऱ्यांइतका भांडखोर माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात झाला नसेल, आणि गंमत म्हणजे त्यांचं भांडण कुणा भाऊबंदाशी नव्हतं, स्वतःच्या डाव्या पायाशी होतं. बायकोचे हे मामा फौजेत हवालदार होते. दोन लढाया अंगावर ओरखडा न उठता पार पडल्या, आणि पेन्शनीला थोडे महिने उरले असताना घाटात ट्रक उलटून मणका मोडला, याचा त्यांना विलक्षण राग. गोळी लागली असती तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं, म्हणायचे. ऑपरेशन होऊन मणका जुळला, मामा कोरेगावजवळच्या आपल्या गावी परतले, पण दबलेली नस काही शांत होईना. कमरेपासून अंगठ्यापर्यंत पाय निखाऱ्यावर धरल्यासारखा जळायचा. कापडाचा स्पर्शही सोसवत नसे, म्हणून विजारीचा डावा पाय कायम मांडीपर्यंत गुंडाळलेला. त्या कळेला ते 'बया' म्हणत आणि रोज सकाळी पलटणीतल्या निवडक शिव्यांनी तिला सलामी देत. 'दुखतंय' हा शब्द मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. बसलं की कळ चढे, म्हणून एसटीत कोरेगाव ते सांगली उभे. कुणी जागा देऊ केली तर त्या भल्या माणसालाच दोन शब्द ऐकावे लागत. जेवणही उभ्यानं, ताट फडताळावर ठेवून. मामी तरीही दोन्ही वेळा त्यांचा पाट मांडायच्या, आणि मामा त्या पाटाच्या शेजारी उभे राहून जेवायचे.

मी तेव्हा सांगलीत हळदीच्या एका पेढीवर कारकून होतो. मामा हळद घेऊन आले की आमच्याकडेच उतरत. अशाच एका खेपेला मी त्यांना फसवून मिरजेच्या एका इस्पितळात नेलं. तिथे परदेशातून आलेला एक सर्जन अशा कळेवर नवा उपाय करत होता. पाठीत मज्जारज्जूपाशी एक बारीक तार बसवायची, बरगडीवर कातडीखाली एक चकती, आणि बाहेर कमरेला बॅटरीची पेटी. पेटीची वायर चकतीवर चिकटपट्टीनं लावली आणि बटण फिरवलं की पाठीतून हलका करंट जातो, पायात मुंग्या येतात, आणि त्या मुंग्यांच्या गर्दीत कळेचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. तिथल्या मराठी डॉक्टरांनी हे सगळं कागदावर चित्र काढून समजावलं. मामा म्हणाले, म्हणजे नाक्यावर संत्री उभा करायचा. डॉक्टरांना हे पटलं. कळ पुरती जाणार नाही, निम्मी कमी झाली तरी मिळवलं, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मामांनी एकच विचारलं, "मांडी घालून जेवाय बसता यील का?"

आलं. पेटी बांधून मामा गावी गेले आणि पहिल्याच दिवशी पाटावर बसले. मामी वाढता वाढता थांबल्या आणि पदरानं तोंड पुसत आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. गावातली म्हातारी मंडळी पेटी बघायला येत आणि यावर आकाशवाणी लागते का म्हणून विचारत. बातम्या लागतात, पण फक्त माझ्याच पायाच्या, असं मामा गंभीरपणे सांगत.

त्या वर्षी खंडेनवमीला मी गावी होतो. मामांनी कोयता, खुरपी, नांगराचा फाळ मांडला आणि कमरेची पेटी सोडून तीही शेजारी ठेवली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग सगळ्यांच्याच लक्षात आलं, की पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नसतं. मामी म्हणाल्या, "घ्या की उचलून. देवाला कळतंय."

"पुजल्यालं हत्यार त्या बयेच्या भ्यानं उचलू व्हय?" मामा म्हणाले आणि पेटीशिवाय पाटावर बसले. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. कपाळावरून घाम ओघळत होता, पायाची बोटं आत वळली होती, आणि ते मला उसाच्या लागणीविषयी सांगत होते. इतकी वर्षं ज्याला आम्ही विक्षिप्तपणा म्हणून हसत होतो ते काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

दोन वर्षांनी पाठीतली तार जागची सरकली आणि मुंग्या थांबल्या. सर्जन मायदेशी परतला होता, आणि पुन्हा पाठ उघडायला मामा तयार नव्हते. बातमी कळल्यावर मी गावी गेलो. मामा पाटावर मांडी घालून बसले होते, कमरेला पेटी होती, चिकटपट्टीसुद्धा जागेवर होती. मी न राहवून विचारलं, "मामा, ही तर बंद आहे ना?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, जावईबापू. बयेला अजून ठावं न्हाई."

पुढे ते होते तोवर असंच चाललं. त्यांना लवकर उठता यावं म्हणून मामी सगळं ताट एकदमच वाढायच्या. आणि मामा ते संपवून, घाम पुसून, आणखी अर्धी भाकरी मागायचे.