पाकिटातली ओली बुरशी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. नवस, अंगारे, बाहेरची बाधा... आमच्या नागपूरच्या घरात हे शब्दच नव्हते. त्यात मी वनस्पतिशास्त्र शिकलेली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. लखनऊला एका सरकारी संस्थेच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, मी नोकरीला होते. झाडांवरच्या बुरशीचे वाळवलेले नमुने तपासायचे, फाटकी लेबलं बदलायची – दिवसभर तेच. अलीगंजच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. फार थकले होते मी तेव्हा.

मे महिना, बाहेर लू, भाजून काढणारा वारा. नमुन्याचं एक पाकीट उघडलं. सत्तर-एकाहत्तर साली लष्करी छावणीतल्या एका बंगल्याच्या शिरीषावरून काढलेली बुरशी. लाकडासारखी कडक असायला हवी. ती ओली होती. कडेला पांढरी, कोवळी वाढ – जिवंत असताना असते तशी. शेजारची पाकिटं कोरडी ठणठणीत.

आमचे साहेब मिश्राजींना दाखवलं. त्यांनी बोट लावलं, रुमालाला पुसलं, नमी होगी, ओल धरली असेल, म्हणाले आणि फाइलीत डोकं घातलं.

मीही सोडून दिलं असतं. पण ही बुरशी झाडाला आतून खाते, हे ठाऊक होतं. लेबलवर बंगल्याचा पत्ताही होता. संध्याकाळी ह्यांना म्हटलं, स्कूटर छावणीकडे घ्या. वैतागले, पण आले.

झाड हिरवंगार. खोडावर बुरशीचा मागमूस नाही. खाली खाटेवर, आता त्या बंगल्यात राहणाऱ्या मेजरसाहेबांचे म्हातारे वडील पडलेले. त्यांच्या सुनेला कसंबसं सांगितलं, झाड आतून पोकळ असेल, बाबूजींना इथे झोपवू नका. तिने मला नीट न्याहाळलं, पाणी दिलं आणि खाट व्हरांड्यात हलवली – बहुधा माझं मन राखायला.

त्याच आठवड्यात, भरदुपारी, पान हलत नसताना झाड कोसळलं. खाटेच्या जागेवरच.

सूनबाई मिठाई घेऊन ऑफिसात आल्या. डोळे भरलेले.

"दीदी, आपको कैसे पता चला?"

"अनुभव से," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्या गेल्यावर पाकीट उघडलं. बुरशी कडक, कोरडी. पांढरी कड कुठेच नाही. मिश्राजींना विचारलं, तुम्ही बोट लावलं होतं ना? त्यांनी पाकीट मिटून माझ्याकडे सरकवलं.

"लगाया था," म्हणाले. "अब रख दीजिए."

पोखरलेलं झाड पडतंच, ते मला समजतं. पण औषध मारून, वाळवून ठेवलेली बुरशी ओली कशी झाली? वर्षानुवर्षं विचार केला... मग त्याचाही शीण आला. उत्तर अजून नाही. आता मी शोधतही नाही.