पडद्याच्या दोरीपाशी उभ्या बाई

ठोंबरे बाईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख द्या, असं समितीनं सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि पुढे महिनाभर कागदाला हात लावला नाही. बाईंवर लिहायचं तर आधी मला एक कबुली द्यावी लागणार होती, आणि ती द्यायचं धाडस होत नव्हतं. मागच्या महिन्यात बाईंच्याच समोर ती देऊन झाली. आता मोकळी झाले आहे, म्हणून लिहायला बसले.

बाईंची आणि माझी ओळख आठवीच्या वर्गातली. कर्जत-चौक रस्त्यावरच्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि त्याहून जास्त मन लावून नाटक बसवायच्या. माहेर घाटावरचं, सासर कर्जतचं, बोलणं अगदी स्वच्छ. आमच्या तोंडी ‘नाय’ आणि ‘हाय’ आलं तर त्या हसत नसत आणि दुरुस्तही करत नसत. “राणी रागावली की घरच्या बोलीतच रागावणार ना, मंगल?” असं मला म्हणाल्या, आणि त्या वर्षी मी राणी झाले. भातशेतीच्या घरातली पोर राणी झाली की काय होतं, ते माझ्या आईला विचारायला हवं होतं. महिनाभर मी पाण्याचा तांब्यासुद्धा जागेवर मागवत होते.

पुढच्या वर्षी तालमी सुरू झाल्या आणि बाईंनी माझ्या हाती पडद्याची दोरी दिली. शाळेची रीतच तशी होती. यंदा ज्याची मुख्य भूमिका, त्यानं पुढच्या वर्षी पडदा ओढायचा. दोरीवाल्याला अख्खं नाटक पाठ असावं लागतं, सगळ्यांच्या चुका सांभाळून घ्याव्या लागतात आणि टाळ्या मात्र दुसऱ्याला मिळतात. त्यातलं शहाणपण मला आज कळतं. तेव्हा मी घरी जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी बाबा शेतावरून तसेच शाळेत आले. “बाई, गेल्या साली माजी पोर राणी होती. आता दोरी वढायला ठेवलीय म्हनं. तिचं काय चुकलं हाय का?”

बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाल्या, “चुकलं काही नाही. तुम्ही प्रयोगाला या. समोर बसू नका, दोरीपाशी तिच्या शेजारी उभे राहा. काम हलकं वाटलं तर मला तसं सांगा.”

बाबा प्रयोगाची वाट बघत बसले नाहीत. तालमींनाही येऊ लागले आणि महिनाभरात सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ झाली. प्रयोगाच्या दिवशी माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलेले. राजाचं शेवटचं वाक्य व्हायच्या आधीच ते सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असे ओरडले, “आता वढ गं, वढ!” मी ओढली. पडदा मिटला, राजा आत आणि वाक्य त्याच्या तोंडात. समोर नुसता हशा. पण राजा झालेला मुलगा चलाख होता. त्यानं पडद्याच्या फटीतून मान बाहेर काढली आणि राहिलेलं वाक्य ठणकावून म्हटलं. टाळ्या थांबेनात.

बाबा मागच्या दारानं सटकत होते. बाईंनी त्यांना पायरीवरच गाठलं आणि सगळ्या मुलांसमोर सांगितलं, “पुढच्या वर्षीपासून आपलं शेवटचं वाक्य असंच, मान बाहेर काढून. ही मंगलच्या वडिलांनी घालून दिलेली रीत.” तेव्हापासून आमच्या शाळेचं प्रत्येक नाटक, हसवणारं असो की रडवणारं, पडद्याबाहेर आलेल्या मुंडक्यावर संपतं. रसायनीच्या कारखान्यांत नोकरी करणारे माजी विद्यार्थी खास तेवढ्यासाठी रजा टाकून येतात. बाबा होते तोवर पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगत, “ती रीत माजी हाय.” एका माणसाची फजिती बाईंनी त्याच्या अभिमानाची गोष्ट करून टाकली. मी शिक्षिका झाले ती त्या पायरीवर, असं मला वाटतं.

बाईंच्या बहुतेक रीती अशाच कुणाच्या तरी अडचणीतून आलेल्या आहेत. आमचा प्रयोग दुपारी दोनला असतो. खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार करायचा आणि आत उकडून निघायचं. संध्याकाळी करा, दिवे शोभून दिसतील, असं व्यवस्थापनाच्या मंडळींनी कितीदा तरी सुचवलं. बाई म्हणायच्या, “दिवे शोभतील हो, पण ठाकूरवाडीच्या मुलांना काळोखात डोंगर चढायचाय.” वाडीतला एक मुलगा तालमीला येईना, तर बाई स्वतः वर चढून गेल्या. आई कामावर आणि धाकटी बहीण याच्या गळ्यात, असं कारण निघालं. बाईंनी त्या बहिणीलाही नाटकात घेतलं. दरबाराच्या मधोमध बसून ती संपूर्ण प्रयोगभर चुरमुरे खात होती, आणि राजाही मधून मधून तिच्यातले दोन चार उचलत होता.

बाई निवृत्त झाल्या तोवर मी त्याच शाळेत शिकवू लागले होते, आणि नाटक माझ्याकडे आलं. एकेक रीत मी देवघरातल्या टाकासारखी सांभाळली. मग यंदा माती खाल्ली.

गेल्या वर्षी आमची राणी होती वाडीतलीच सोनाली. अशी मुलगी शाळेला पुन्हा केव्हा मिळेल, सांगता येत नाही. रीतीप्रमाणे यंदा तिच्या हाती दोरी यायची. पण प्रयोगानंतर तेच नाटक जिल्ह्याच्या स्पर्धेला न्यायचं ठरलं, मुख्याध्यापक रोज आठवण करू लागले, आणि खरं सांगायचं तर बक्षिसाचा मोह मलाही झाला. मी सोनालीला पुन्हा मुख्य भूमिका दिली. दोरी शाळेच्या शिपायांकडे सोपवली. बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे त्या दोन वर्षं आल्या नव्हत्या, म्हणून मनाशी म्हटलं, त्यांना कुठं कळतंय. आणि नेमकं तेव्हाच समितीनं ठरवलं की यंदाचा प्रयोग बाईंच्या सत्कारासाठी.

प्रयोगाच्या दिवशी बाई काठी टेकत आल्या. मी त्यांना शिक्षक खोलीत बसवलं आणि पाणी द्यायच्या आधीच बोलून टाकलं. “बाई, मी रीत मोडली. तुम्ही इतकी वर्षं सांभाळलेली, माझ्या हातून गेली.” माझे डोळे भरून आले होते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागल्या. “अगं, मी कुठं घातली होती ती रीत? पहिल्या वर्षीच्या राजाचा दुसऱ्या वर्षी आवाज फुटला. बोलायला गेला की पोरं हसायची. शाळेतच येईना. बोलावं लागू नये आणि नाटकातही राहता यावं, म्हणून दोरी दिली त्याला. तिसऱ्या वर्षी पोरंच विचारायला लागली, जुन्या राणीला दोरी ना, बाई? मी हो म्हटलं. रीत त्यांची आहे, मंगल. ठेवायची की नाही ते पोरं बघतील. तू कशाला एवढी सुकलीस?”

महिनाभर छातीवर ठेवलेलं जातं कुणी उचलून घ्यावं, तसं मला झालं. बाईंचा हात धरून मी त्यांना रंगमंचामागे नेलं. तिथं दोरीपाशी शिपाई नव्हते. राणीच्या पूर्ण वेषात, मुकुट घालून सोनाली दोरी धरून उभी होती.

“मॅडम, पडदा मी उघडनार,” ती म्हणाली. “मंग आत जाते. राणीला यायला उशीर झाला तर चालतंय. आमी तशी तालीम केलीय, तुमाला सांगितली नाय.”

“आणि शेवटी? तू तर आत असशील.”

“शेवटी तुमी वढा. तुमीपन राणीच होता ना?”

मी बाईंकडे पाहिलं. बाई पदरानं चष्मा पुसत होत्या.

नाटक उत्तम झालं. शेवटच्या प्रवेशाला मी दोरी धरली, इतक्या वर्षांनी पुन्हा. बाई माझ्या शेजारी, बरोबर बाबा उभे राहिले होते त्या जागी. सोनाली शेवटच्या वाक्यापर्यंत आली, मी क्षणभर घोटाळले, आणि आयुष्यभर स्वच्छ मराठी बोलणाऱ्या आमच्या ठोंबरे बाई सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, “आता वढ गं, वढ!”

पडदा मिटला. फटीतून मुकुटासह मुंडकं बाहेर आलं.

बाई, तुमचे गुडघे ठणठणीत राहोत आणि आवाज असाच खणखणीत राहो. पुढच्या वर्षी सोनालीची दहावी आहे, तरी दोरी तिनं आत्ताच मागून ठेवली आहे. तिच्या शेजारी उभं राहून ओरडायला कुणीतरी लागेल. ती जागा आम्ही तुमच्यासाठी राखली आहे, पुढच्या वर्षीची, त्यापुढची आणि तुमच्या शंभरीची.