न खाल्लेल्या शेंगा

आईने मूग सोडला आहे. काशीला जाऊन भाजी सोडतात तसा नाही, रागाने. मेडशीच्या आमच्या वावरात तुरीच्या ओळींमध्ये ती घरच्या बियाण्याचा मूग पेरायची. पोळ्याच्या सुमारास हिरव्या शेंगा तिथेच बांधावर, मिठाच्या पाण्यात उकडायच्या आणि दातांनी ओरबाडून खायच्या. मग पांढऱ्या माशीने पिवळा मोझॅक हा रोग आणला. पानं हळदीसारखी झाली, शेंगा वाकड्या आणि पोचट. आईने हट्टाने पुन्हा पेरून पाहिलं. शेवटी मूठभर बियाणं राखेत घालून डब्यात ठेवलं आणि म्हणाली, "इकतचा मुंग मले नाही पाह्यजे."

मी दूरच्या शहरात प्रयोगशाळेत आहे आणि काम नेमकं ह्याच रोगावर करते. रोपात पहारा देणारी प्रथिनं असतात, पण या विषाणूला ती ओळखत नाहीत. आम्ही त्यांची घडण बदलतो, म्हणजे ती ओळखतील. आईला सांगितलं तर हसायलाच लागली. "म्हंजे जागल्या हाय, पन त्याले चोरच ओयखू येत नाही!"

यंदा तिच्याच डब्यातल्या बियाण्यावर काम जमलं. बंद काचघरात रोग घेतलेल्या माश्या मुद्दाम सोडल्या, तरी झाडं हिरवीगार. शेंगा टरारून भरल्या. त्या बघून जीव नुसता तुटायचा. अशा जनुकं बदललेल्या झाडाचा दाणा बाहेर न्यायचा नाही, तोंडात तर नाहीच. थोडं बी कुलुपात, बाकी सगळं वाफेच्या मशीनमध्ये शिजवून नष्ट करायचं. परवानग्या मिळून हे बी वावरात कधी पोचेल, कोण सांगणार? आई सत्तरीपुढची. तोवर ती असेल ना, एवढीच मला धास्ती.

"शिजोता, अन् फेकता?" फोनवर ती ओरडलीच. "असं कसं वो तुमचं?"

ती बोलत असतानाच मी मशीन उघडलं. वाफ तोंडावर आली. उकडलेल्या शेंगांचा वास, आमच्या बांधावरचा. मीठ तेवढं कमी.

"काहून गप झाली?"

"वास येऊन राह्यला, आई. तसाच."

ती हळूच म्हणाली, "फोन जरा जवळ ने त्याच्या."

मी फोन वाफेत धरला. तिकडून तिने श्वास ओढल्याचा आवाज आला.